वॉर्डातल्या विद्यार्थ्यांना आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण कसं द्यावं

जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात राउंडच्या वेळी एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांची दोन-तीन मिनिटं येतात. स्टाफ सिस्टर इंजेक्शनं, सलाइन आणि नोंदींमध्ये अडकलेली असते. बीपी घेणारी, स्पंज देणारी, चादर बदलणारी, एक्स-रेसाठी व्हीलचेअर ढकलत नेणारी मात्र बहुतेक वेळा विद्यार्थिनी असते. ती एएनएमची असेल, जीएनएमची, बीएस्सी नर्सिंगची किंवा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स करणारी. माणसं मनातलं बोलतात तेही अशाच वेळी. केस विंचरून घेता घेता एखादी आजी म्हणते, "आता सुटका झाली तर बरं, पोरी." ते ऐकणारी मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची असते. ती कसनुसं हसते, "असं काय बोलता आजी" म्हणते आणि पुढच्या बेडकडे वळते. मानसिक आरोग्याच्या धड्यातली कारणांची यादी तिला पाठ असते, पण त्या क्षणी बोलायचं वाक्य तिला कुणी शिकवलेलं नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले २२,७४६ जण महाराष्ट्रातले होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं आणि २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढायला वर्षं लागतील. वॉर्डात आज हजर असलेल्या मुलामुलींना तयार करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी एक दिवस पुरतो.

हा लेख ट्यूटर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि वॉर्ड इन्चार्ज यांच्यासाठी आहे. वाचताना तुमच्याच मनात असे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ही 'टेलिमानस' सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसालाही सांगा.

काय शिकवायचं, काय नाही

विद्यार्थ्याची कामं चार: लक्षात येणं, सरळ विचारणं, एकटं न सोडणं आणि योग्य माणसाच्या हाती सोपवणं. समुपदेशन करणं, धोका किती आहे ते ठरवणं, घरच्यांना समजावणं हे त्याचं काम नाही. ही सीमारेषा पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर लिहा. ती कळली की मुलांच्या खांद्यावरचा अर्धा भार उतरतो. "मी चुकीचं बोलले आणि त्याने काही केलं तर?" ही भीती जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते.

जगभरातलं या कामाचं प्रशिक्षण याच धर्तीवर चालतं. अमेरिकेत पॉल क्विनेट यांनी घडवलेली क्यूपीआर पद्धत 'विचारा, मन वळवा, मदतीकडे न्या' एवढ्याच तीन पायऱ्यांवर उभी आहे, आणि ती डॉक्टर नसलेल्यांसाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराची सूत्रंही 'पहा, ऐका, जोडून द्या' अशी तीनच आहेत. आपल्याला नवीन काही शोधायचं नाही. हे सगळं आपल्या वॉर्डात, आपल्या बोलीत बसवायचं आहे.

प्रशिक्षणाच्या आधीचा आठवडा

या तयारीकडे दुर्लक्ष केलं तर पुढचं सगळं कागदावर राहतं.

आधी मेट्रन आणि वॉर्ड इन्चार्ज यांना भेटा. विद्यार्थिनी धावत येऊन "बेड सातच्या काकू जीव द्यायचं म्हणतायत" असं सांगेल, तेव्हा तिचं ऐकून पुढे कोण काय करणार, हे ठरवून घ्या. दिवसा कोण, नाइटला कोण, रविवारी कोण? मानसोपचार विभाग असेल तर तिथला नंबर घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक बहुधा जिल्हा रुग्णालयातच बसतं, त्यांना प्रशिक्षणाला बोलवा. तासभर आले तरी चालेल, कारण पुढे ज्याला फोन करायचा त्याचा चेहरा ओळखीचा असला की फोन करताना हात अडखळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवरचे मेडिकल ऑफिसर आणि १४४१६ यांचीच साखळी बांधा. टेलिमानसला रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही, त्याची काळजी घेणारी व्यक्तीही सल्ला विचारू शकते.

हे सगळं खिशात मावेल एवढ्या कार्डावर छापा. १४४१६, तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वॉर्ड इन्चार्ज, सीएमओ (ड्युटीवरचे मेडिकल ऑफिसर), ट्यूटर. ओळखपत्राच्या मागे बसेल असं कार्ड हवं.

दुसरी तयारी मुलांची. तुकडी पंचवीसच्या वर नको. विषय आधीच सांगा. वर्गात कुणाच्या घरात असा मृत्यू झालेला असू शकतो, कुणी स्वतः त्यातून गेलेलं असू शकतं. त्यांनी हात वर करून कारण सांगायची गरज पडता कामा नये. "ज्याला बाहेर जावंसं वाटेल त्याने जावं, बाहेर मॅडम बसल्या आहेत" एवढी सोय पुरे. बाहेर खरोखरच कुणीतरी बसलेलं असू द्या.

सकाळ: गैरसमज आणि कायदा

यावर एका तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. तीनच गोष्टी पक्क्या करा.

एक, विचारल्याने विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. यावर झालेल्या अभ्यासांत, थेट विचारल्याने धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

दोन, "बोलतो तो करत नाही" हेही खोटं. आधी केलेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशारा असतो.

तीन, कायदा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, आणि तिला उपचार व पुनर्वसन मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३०९ कलमासारखं आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं कलमच ठेवलेलं नाही. सरकारी सेवकाला त्याच्या कामात अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ आहे. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होते, पोलीस जबाब घेतात, ते काम डॉक्टरांचं आणि पोलिसांचं. विद्यार्थ्याने रुग्णाची उलटतपासणी करायची नाही. "पोलीस केस होईल" म्हणून दडवून ठेवणाऱ्या नातेवाइकांना धीर देण्यासाठी ही माहिती उपयोगी पडते.

याच तासात वॉर्डात रोज कानावर पडणारी वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या. "नाटकं करते." "नवऱ्याला घाबरवायला केलं." "पोरंबाळं असताना असं करतात का?" विषबाधेची केस शुद्धीवर आली की हीच वाक्यं तिच्या उशाशी बोलली जातात, कधी पांढऱ्या कपड्यातल्या माणसांकडूनही. मला या प्रशिक्षणातला हा सगळ्यात गंभीर भाग वाटतो. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत काय ऐकू येतं, यावर तो पुढे मदत मागेल की नाही हे ठरतं. वाक्य वाचून दाखवा, मग त्याऐवजी काय म्हणता येईल ते मुलांना लिहू द्या. "तुम्ही वाचलात, बरं झालं. आता कसं वाटतंय?" इतकं साधं पुरतं.

खुणा: वॉर्डातून दिसणाऱ्या

पुस्तकातल्या यादीऐवजी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसेल ते शिकवा. ताट तसंच परत जातं. रात्री अडीचला राउंड मारताना डोळे उघडे असतात. डिस्चार्जचं नाव काढलं की चेहरा उतरतो. अंगठी किंवा घरच्या किल्ल्या शेजारच्या बेडवाल्या बाईकडे "ठेव तुझ्याकडेच" म्हणून दिल्या जातात. औषधांच्या मात्रेबद्दल नको तितक्या चौकशा होतात. "माझ्यामुळे पोरांचा पैसा चाललाय" हे पुन्हा पुन्हा येतं. म्हाताऱ्या माणसांत हे वाक्य मी फार गंभीरपणे घ्यायला सांगते. दिवसभर तळमळणारा माणूस काही कारण नसताना अचानक शांत, मोकळा दिसू लागतो, तेव्हा स्टाफला वाटतं बरा झाला. तिथे थांबून बघा.

कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष द्यायचं? आधी प्रयत्न झालेले, कॅन्सर किंवा दुसऱ्या गंभीर आजाराचं निदान नुकतंच कळलेले, न थांबणाऱ्या वेदना असलेले, दारू अचानक सुटलेले, बाळंतपणानंतर गप्प गप्प झालेल्या बाया, घरात मारहाण सोसणाऱ्या सुना, कर्जात बुडालेले शेतकरी. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांसाठी राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना त्यात सामील करून घेतलं. त्यामागचं तत्त्व हेच होतं: रोज उंबरठ्यावर येणाऱ्या माणसाला आधी कळतं.

तरी यादीवर विसंबू नका. यादीत न बसणारा रुग्णही असतो. "काहीतरी बरोबर नाही" असं वाटलं की विचारायचं.

प्रश्न विचारायचा सराव: दिवसाचे अडीच तास यालाच

इथे घाई करू नका. सीपीआर पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय येत नाही, हा प्रश्नही तोंडाने उच्चारल्याशिवाय येत नाही.

आधी न विचारण्याच्या तऱ्हा दाखवा. "वेडंवाकडं काही मनात नाही ना?" "स्वतःचं काही बरंवाईट करणार नाही ना?" या प्रश्नांतच 'नाही'ची अपेक्षा आहे. रुग्ण ती पूर्ण करतो, "नाही गं" म्हणतो आणि विषय संपतो. योग्य प्रश्न सरळ असतो: "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" वर्गात सगळ्यांना एकेक करून तो मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्या फेरीत आवाज खाली जातील, कुणी हसेल, कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल. हे सगळं चालू द्या आणि दुसरी फेरी घ्या. मग प्रत्येकाने तो आपल्या बोलीत बसवायचा. अकोल्याची मुलगी "जीव द्यावासा वाटते का" म्हणेल, लातूरची "जीव द्यावं वाटायलंय का". पुस्तकी मराठीतला प्रश्न पाठ केला तर तो वेळेवर आठवत नाही, आणि आठवला तरी रुग्णाला परका वाटतो.

नंतर तिघांचे गट करा: एक रुग्ण, एक विद्यार्थी, एक फक्त बघणारा. एक प्रसंग नमुन्यादाखल देते. स्त्री वैद्यकीय वॉर्ड, रात्रीचे अकरा, बेड सात.

"काकू, दोन दिवस बघतेय, तुम्ही जेवलाच नाहीत. आणि मघाशी म्हणालात, माझं काय राहिलंय आता. मला तुमची काळजी वाटतेय."

"काही नाही गं. जा तू, तुला कामं असतील."

"कामं होतील. बसते थोडा वेळ." (स्टूल ओढून बसते. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही.) "काकू, इतका त्रास सोसताना माणसाच्या मनात कधी कधी जीव द्यायचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?"

इथे शांतता येते. सरावात मुलं हमखास ती भरून काढतात, "म्हणजे तसं नाही, आपलं सहज विचारलं" म्हणत मागे सरतात. बघणाऱ्याने नेमकं हेच टिपायचं. मनात दहा आकडे मोजून गप्प राहायचं.

"येतात. रात्री जास्त."

"सांगितलंत ते बरं केलंत. आत्ताही वाटतंय का तसं? काही करायचं ठरवलंय का?"

"…तू कुणाला सांगू नको हं."

"हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, काकू. सिस्टरना सांगते, त्या मदत करतील. शेजारच्या बेडला किंवा भेटायला येणाऱ्यांना मी काही बोलणार नाही. सिस्टर येईपर्यंत मी इथून हलत नाही."

हे शेवटचं उत्तर सगळ्यांकडून पाठ करून घ्या, म्हणायचं मात्र स्वतःच्या शब्दांत. गुप्ततेचं वचन आधी देऊन बसलेली मुलगी नंतर फार कोंडीत सापडते.

"काही ठरवलंय का" याचं उत्तर 'हो' आलं, तर विद्यार्थ्याने पुढचे तपशील खोदायचे नाहीत. तेवढं कळणं पुरेसं आहे, आता सिस्टर आणि डॉक्टर हवेत. उत्तर 'नाही' आलं तरी सांगायचंच.

काय बोलू नये, हेही सरावातच येऊ द्या. उपदेश, देवाची शपथ, मुलांची आठवण काढून दिलेली लाज, "लोकांना तुमच्याहून मोठी दुःखं असतात". यातलं काहीही निघालं की बघणाऱ्याने हात वर करायचा आणि तिथूनच पुन्हा सुरू करायचं.

हँडओव्हर

एकटं सोडायचं नाही म्हणजे बाथरूमपर्यंतही नाही. विद्यार्थी एकटा असेल तर बेल वाजवायची, शेजारच्या नातेवाइकाला "सिस्टरना बोलवा" म्हणून पाठवायचं, किंवा बेडशेजारून फोन करायचा. स्वतः उठून जायचं नाही.

सांगताना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे: "सिस्टर, बेड सातच्या काकू. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, रात्री जीव द्यायचे विचार येतात. आत्ताही वाटतंय का, काही ठरवलंय का विचारल्यावर म्हणाल्या, तू कुणाला सांगू नको. मी त्यांच्याजवळच बसलेय. तुम्ही लगेच बघाल का?" 'रुग्ण उदास वाटतो' असं गोळाबेरीज सांगितलं की ते नाइट रिपोर्टच्या तळाशी जातं. वेळ आणि कुणाला सांगितलं हे लिहून ठेवायचं.

सिस्टर म्हणाल्या, "अगं, ती तशीच आहे, दुर्लक्ष कर", तर? हा प्रसंग सरावात घ्याच, कारण तो घडतो. विद्यार्थिनीने वाद घालायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. "मॅडम, मी ट्यूटरनाही कळवते" म्हणायचं आणि कार्डावरचा पुढचा नंबर लावायचा. तिला नंतर कुणी "जास्त शहाणी" म्हणणार नाही याची हमी तुम्ही ट्यूटर म्हणून द्यायची. ती देता येत नसेल, तर तिला प्रश्न विचारायला शिकवणं अन्याय आहे.

सिस्टर आल्यावर विद्यार्थी मदतनीस असतो. बेडभोवती आणि वॉर्डात धोका होईल असं काही उघडं आहे का ते त्यांच्यासोबत बघणं, औषधांची ट्रॉली आणि साफसफाईची रसायनं कुलपात आहेत याची खात्री करणं, रुग्णाला नर्सिंग स्टेशनजवळच्या बेडवर हलवणं. हे करताना रुग्णाला काय चाललंय ते सांगायचं, गुन्हेगाराची झडती घेतल्यासारखं व्हायला नको.

डिस्चार्जनंतरचे दिवस

घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे फार धोक्याचे असतात, आणि आपल्याकडे नेमका तिथेच धागा तुटतो. चेन्नईसह पाच शहरांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेले १,८६७ जण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याखेरीज तासभर बोलणं झालं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. अठरा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के आत्महत्येने दगावले होते, संपर्कात ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. फोन करणारे डॉक्टर, नर्स, मानसतज्ज्ञ होते आणि विचारायचे ते साधंच: कसे आहात, मदत हवी का.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी विद्यार्थ्याला एक ठरलेलं काम द्या. डॉक्टर किंवा समुपदेशकाने रुग्णासोबत तयार केलेला सुरक्षा आराखडा रुग्णाच्या हातात आहे का, त्याला वाचता येतो का, हे बघणं. त्यात काय असतं तेही शिकवा: विचार वाढू लागल्याची खूण, मन वळवायला स्वतः करता येण्याजोग्या गोष्टी, ज्यांच्याकडे जाऊन बसता येईल अशी माणसं, फोन करायचे नंबर, आणि घर सुरक्षित करणं. शेतकरी घरात कीटकनाशकं घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला सांगणं हा आपल्याकडे आराखड्याचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. तीव्र इच्छेची लाट बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते. त्या वेळात साधन हाताशी नसलं की जीव वाचतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढा, सोबतच्या नातेवाइकाला वाचून दाखवा.

पुढचा फोन विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायचा नाही. तो विभागाच्या नंबरवरून, नेमून दिलेल्या माणसाने करायचा. मुलं मायेपोटी नंबर देऊन बसतात, मग रात्री दोनला फोन येतो आणि ती एकटी पडतात. हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगा.

मुलांचं स्वतःचं

घरापासून दूर होस्टेल, नाइट ड्युटी, फीचं कर्ज, परीक्षा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेले मृत्यू. ज्यांना आपण इतरांच्या खुणा ओळखायला शिकवतो, त्यांच्यातही त्याच खुणा असतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक नेमावा, अध्यापक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार आणि धोक्याच्या खुणांचं प्रशिक्षण द्यावं, टेलिमानससारख्या सेवांचे नंबर होस्टेल आणि वर्गांत ठळक लावावेत, असं त्यात आहे. नर्सिंग कॉलेजं यातून सुटलेली नाहीत. प्राचार्यांकडे तारखा मागताना याच सूचनांचा आधार घ्या.

दुपारच्या शेवटच्या तासात तीच प्रश्नाची फेरी पुन्हा घ्या, यावेळी रूममेटला विचारायची. "तू हल्ली मेसमध्ये येत नाहीस. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" रुग्णाला विचारणं जमलेल्या मुलींनाही हे अवघड जातं, म्हणून वेळ राखून ठेवा.

वॉर्डात असा मृत्यू झालाच, तर त्याच दिवशी त्या पाळीच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवा. काय घडलं ते सांगू द्या, चुका शोधू नका, चहा द्या, आणि कुणी त्या रात्री एकटं झोपणार नाही याची सोय करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. ज्या मुलीने नेमकं काही तासांपूर्वी त्या रुग्णाचा बीपी घेतलेला असतो, तिच्याकडे वेगळं लक्ष द्या.

तीन महिन्यांनी

लेखी परीक्षा घेऊ नका, गुण सगळ्यांनाच मिळतात. दोन तासांचं उजळणी सत्र ठेवा आणि पुन्हा प्रसंग करायला लावा. बघणाऱ्याच्या हाती चार ओळींचा कागद: प्रश्न सरळ विचारला का, शांतता सोसली का, गुप्ततेचं वचन टाळलं का, सोडून गेला का. मागच्या तीन महिन्यांत कुणी खरंच विचारलं का, पुढे काय झालं, सिस्टरनी ऐकलं का, हेही विचारा आणि जिथे साखळी तुटली त्या वॉर्डाच्या इन्चार्जना त्याच आठवड्यात भेटा. सरावात रुग्णाचं काम करायला आता सीनियर मुलींना बसवा, त्यांनी खरे रुग्ण पाहिलेले असतात. आणि कार्डावरचे सगळे नंबर स्वतः लावून बघा. इन्चार्ज बदलतात, सीएमओंच्या बदल्या होतात, विभागाचा फोन दुसऱ्या खोलीत हलतो. चुकीचा नंबर असलेली कार्डं त्याच दिवशी परत घ्या आणि नवी छापून द्या.